आठ अंडी, अर्धा रत्तल लोणी

राइस पुडिंग, क्रमांक २ : एक रत्तल लोण्याच्या जागी अर्धा रत्तल वाचावे. १४ अंड्यांच्या जागी ८ वाचावीत.

हे शुद्धिपत्र आहे अमेलिया सिमन्सच्या ‘अमेरिकन कुकरी’चं. पुस्तक जेमतेम ४७ पानांचं. १७९६ साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला छापलेलं. अमेरिकन बाईने लिहून अमेरिकेतच छापलेलं पहिलं पाककृतींचं पुस्तक म्हणून याचं नाव घेतात. त्याआधी तिथे पाकपुस्तकं छापलीच जात नव्हती असं नाही. १७४२ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला विल्यम पार्क्सने एक छापलं होतं, पण ते लंडनच्या एलायझा स्मिथचं. साहेबाच्या स्वयंपाकघरातलं पुस्तक इकडे पुन्हा छापायचं, एवढंच. सिमन्सबाईंच्या पुस्तकात मात्र मक्याच्या पिठाचे स्लॅपजॅक (धिरड्यांसारखे) आहेत, भोपळ्याचं पुडिंग आहे, टर्कीबरोबर क्रॅनबेरी वाढायची सूचना आहे, आणि लाकडाच्या राखेतून काढलेला पर्ल अ‍ॅश घालून पीठ फुगवायची युक्ती आहे.

पण मी अडकले ती शुद्धिपत्राच्या वर छापलेल्या निवेदनात. बाई म्हणतात, माझं शिक्षण बेताचं, मजकूर छापण्याजोगा करून देण्यासाठी मी एका व्यक्तीला कामाला लावलं. त्या व्यक्तीने मला फसवायच्या आणि पुस्तकाच्या खपावर पाणी ओतायच्या हेतूने काही पाककृतींतले महत्त्वाचे जिन्नस गाळले आणि त्यांच्या जागी भलतेच घातले. हे मला पुस्तक छापून झाल्यावर कळलं. आता होईल तेवढं निस्तरते आहे.

मुखपृष्ठावर या बाईंनी आपल्या नावाखाली ‘एक अमेरिकन अनाथ’ असं छापून घेतलंय. प्रस्तावनेत म्हटलंय की आईबाप नसलेल्या मुलीला स्वतःचं मत आणि निश्चय असावाच लागतो. शुद्धिपत्रात तो निश्चय दिसतो. चौदा अंडी म्हणजे चौदा अंडी, कोण विचारतंय, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही. सहा अंडी फुकट जाणाऱ्या कुठल्यातरी अनोळखी बाईची त्यांना काळजी होती. आपल्या नावाचीही असणार.

जुन्या अमेरिकन छपाईकडे मी वळले ती अशा शुद्धिपत्रांमुळे, समासातल्या खरडींमुळे. ग्रंथालयांनी आता यातलं पुष्कळसं स्कॅन करून ठेवलंय. सूचीत पुस्तकांची सरळ विभागणी असते. एकीकडे धार्मिक : बायबल, स्तोत्रं, प्रवचनं. दुसरीकडे व्यावहारिक : पंचांग, औषधं, हिशोब, स्वयंपाक. विभागणी सोयीची आहे, पण ती छापणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे. पुस्तक घरात गेलं की घरातली माणसं त्याचं काय करतील याचा नेम नसतो. माझं कुतूहल त्यातच आहे.

प्रवचनांबद्दल मी फार बोलणार नाही. ती ढिगाने छापली गेली. निवडणुकीची, उपासाच्या दिवसांची, अंत्यविधीची, फाशीची सुद्धा. मी काही उघडून बघितली. फार पुढे गेले नाही.

सुरुवात एका विधवेपासून करायला हवी. १६३८ मध्ये जोस ग्लोव्हर नावाचे पाद्री इंग्लंडहून बायको-मुलं, छपाईयंत्र आणि कागद घेऊन मॅसॅच्युसेट्सला निघाले आणि वाटेतच, समुद्रावर, वारले. यंत्र एलिझाबेथ ग्लोव्हरच्या ताब्यात आलं. तिने तिथल्या केंब्रिजला घर घेतलं आणि छापखाना उभा केला. त्यासाठी बरोबर आणलेला माणूस, स्टीफन डे, हा पेशाने कुलपं बनवणारा. या विधवेच्या आणि कुलूपवाल्याच्या छापखान्यातून १६४० मध्ये पहिलं पुस्तक बाहेर पडलं : इंग्रजी पद्यात आणलेली बायबलातली स्तोत्रं. पुढे त्याला ‘बे साम बुक’ म्हणू लागले.

ते पान स्क्रीनवर मोठं करून बघावं. पानाच्या वरच्या शीर्षकात डावीकडे ‘साम’ शब्दाच्या शेवटी ई नाही, उजवीकडे आहे. पुस्तकभर तसंच. ओळी तर अशा की कर्ता-कर्माची ओढाताण करून चालीत बसवलेल्या. तेविसावं स्तोत्र वाचताना दाताखाली खडा यावा. हे काम करणाऱ्या पाद्र्यांनाही ते ठाऊक होतं. प्रस्तावनेत ते बजावतात की देवाच्या वेदीला आमच्या पॉलिशची गरज नाही. म्हणजे पद्य रांगडं झालंय हे कबूल, पण मूळ हिब्रूशी आम्ही इमान राखलंय.

१,७०० प्रती छापल्या. आज जगात ११ उरल्या आहेत. २०१३ मध्ये बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चने आपल्याकडच्या दोनांपैकी एक लिलावात काढली, तिला १ कोटी ४१ लाख डॉलरच्या वर किंमत आली. बाकीच्या गेल्या कुठे? वापरून संपल्या. दर रविवारी हातात, घरी रोज हातात, मुलांच्या हातात. मायकेल विगल्सवर्थचं ‘डे ऑफ डूम’ हे कयामतीच्या दिवसावरचं लांबलचक पद्य १६६२ मध्ये निघालं, १,८०० प्रती वर्षभरात खपल्या, आणि त्या पहिल्या आवृत्तीची एकही पूर्ण प्रत आज नाही. (याच पद्यात देव बरंवाईट काही करण्याआधीच मेलेल्या तान्ह्या मुलांवर दया दाखवून त्यांना नरकातली सगळ्यात सोयीची खोली देतो. मुलं हे पाठ करत.) मुलांचं अंकलिपीवजा ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ बॉस्टनला १६९० च्या सुमारास निघालं, पण आपल्याला बघायला मिळते ती सगळ्यात जुनी प्रत १७२७ ची. आधीच्या सगळ्या पोरांनी फाडून टाकल्या. त्याबद्दल पोरांना दोष देववत नाही. ‘ए’ला आदमच्या पापात आपण सगळेच पापी, आणि मधल्या पानावर प्रोटेस्टंट पाद्री जॉन रॉजर्स खांबाला बांधून जाळला जातोय, समोर त्याची बायको नऊ लहान मुलं आणि एक अंगावरचं घेऊन उभी आहे. हे चित्र बघत अक्षरं गिरवायची! इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या क्रांतीनंतर छापखानेवाल्यांनी ‘के’च्या यमकातला गुणी राजा चार्ल्स काढून टाकला आणि राजांनी रक्तपिपासू असू नये असा उपदेश घातला. आदमचं पाप मात्र जिथल्या तिथे राहिलं.

आता पंचांग. अमेरिकेत त्याला ऑल्मनॅक म्हणत, आणि केंब्रिजच्या छापखान्यातून ‘बे साम बुक’च्याही आधी, १६३९ मध्ये, विल्यम पियर्स नावाच्या जहाजाच्या कप्तानाने केलेलं पंचांग निघालं होतं. सूर्योदय, चंद्राच्या कला, भरती-ओहोटी, कोर्टाच्या तारखा, रस्ते, हवामानाचा अंदाज. ते दोरीत ओवून चुलीशेजारी खिळ्याला अडकवायचे. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय असतं ना, दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि मागच्या पानावरची पाककृती सगळं पोटात घेऊन, अगदी त्याच थाटात. तिथे लोक दोन छापील पानांमध्ये कोरं पान शिवून घेत आणि त्यावर रोजनिशी लिहीत : गाय व्याली, बर्फ पडलं, अमक्याला तीन शिलिंग दिले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या बऱ्याच रोजनिश्या अशाच पंचांगातल्या कोऱ्या पानांवर आहेत.

हार्वर्डमधून शिकून आलेल्या धर्मनिष्ठ पंचांगकर्त्यांनी सुरुवातीला फलज्योतिषाला चार हात लांब ठेवलं. गिऱ्हाईक ऐकेना. १६७८ मध्ये बॉस्टनच्या जॉन फॉस्टरने पंचांगात राशीपुरुष छापला : उघडावाघडा माणूस, डोक्यावर मेष, मानेला वृषभ, पायाशी मीन. चंद्र कुठल्या राशीत असताना कुठल्या अवयवाचं रक्त काढू नये, हे त्यावरून बघायचं. पुढे शंभर-दीडशे वर्षं तो पंचांगातून हलला नाही. प्रवचनात ज्याला अंधश्रद्धा म्हणायचं तेच घरी भिंतीवर टांगायचं, यात कुणाला काही वाटलेलं दिसत नाही. मला तरी हे फार ओळखीचं वाटतं.

बेंजामिन फ्रँकलिनने १७३२ च्या अखेरीस ‘पुअर रिचर्ड’ हे पंचांग काढलं आणि पुढे वर्षाला दहा हजारांच्या आसपास प्रती विकल्या. आत्मचरित्रात तो सांगतो की सामान्य लोक दुसरं पुस्तक क्वचितच घेतात, म्हणून तारखांच्या मधल्या रिकाम्या जागा मी सुवचनांनी भरल्या. काटकसर करा, लवकर उठा वगैरे. त्या सुवचनांपेक्षा मला त्याचा चावटपणा आवडतो. पहिल्याच अंकात त्याने जाहीर केलं की आपले प्रतिस्पर्धी पंचांगकर्ते टायटन लीड्स १७ ऑक्टोबर १७३३ रोजी दुपारी ३ वाजून २९ मिनिटांनी वारणार. लीड्स खवळले, मी जिवंत आहे म्हणून त्यांनी छापलं. फ्रँकलिनने उत्तर दिलं की माझे मित्र लीड्स इतकं असभ्य कधी लिहिणार नाहीत, तेव्हा ते गेलेच असणार.

इथे एक धागा थेट मुंबईत येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं, ते याच छापील बायबलांवर आणि प्रायमरांवर पोसलेल्या मंडळींनी. त्यांचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरले, आणि चारेक वर्षांत मिशनच्या छापखान्यातून मराठी धर्मपत्रकं आणि शुभवर्तमानं निघू लागली. ती छपाई बघून बघून गणपत कृष्णाजींनी स्वतःचं यंत्र उभं केलं आणि १८३१ मध्ये छापलं काय, तर मराठी पंचांग. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यात छापील कागद चालेना, तर त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. मिशनच्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला, आणि संस्कृत ग्रंथ छापावेत तर निर्णयसागरनेच, असा लौकिक मिळवला. बॉस्टनमध्ये वर्गणी देणाऱ्या भाविकांना हे कुणी कळवलं असेल तर त्यांचा चेहरा मला बघायचा होता.

फ्रँकलिनकडे पुन्हा येते, कारण त्याचं एक पुस्तक गेल्या काही वर्षांत एकदम चर्चेत आलं. १७४८ मध्ये त्याने जॉर्ज फिशरचं ‘इन्स्ट्रक्टर’ हे लंडनचं स्वशिक्षणाचं पुस्तक ‘अमेरिकन इन्स्ट्रक्टर’ म्हणून छापलं. शुद्धलेखन, अंकगणित, पत्रांचे मायने, जमाखर्च, सुताराची मोजमापं, शाई करायची कृती. तरुणांनी हे एक घेतलं की झालं. छापताना त्याने इंग्लंडपुरता मजकूर काढला आणि व्हर्जिनियाच्या जॉन टेनेंटचं घरगुती औषधांचं पुस्तक मागे जोडलं. त्या औषधांत अविवाहित मुलींच्या ‘पाळी तुंबण्यावर’ उपाय आहे. आधी रेचक, मग नऊ दिवस पेनीरॉयल या पुदिन्याच्या भाईबंदाचं पाणी आणि वर एका अर्काचे काही थेंब. तुंबणं म्हणजे काय हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. पेनीरॉयल हे गर्भ पाडण्यासाठी जुन्या काळापासून वापरात होतं आणि त्याचं तेल जिवावर बेतू शकतं. वाचणाऱ्या मुलींना टेनेंट जाता जाता देखण्या पोरांच्या मागे न लागण्याचा उपदेशही करतात.

एवढंच. कुजबूज नाही, दुमडलेलं पान नाही. गुणाकार, व्याज, शाई, दातदुखी, आणि हे. पोराला हिशोब शिकवायला आणलेलं पुस्तक घरातल्या बायकांनी मागच्या बाजूने उघडलं असणार, यात मला शंका नाही.

उलट्या दिशेचं उदाहरण पेनसिल्व्हेनियात आहे. तिथले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे जर्मन हे शस्त्र न धरणारे. युद्धाचे ढग दिसायला लागल्यावर आपल्या मुलांना धीर राहावा म्हणून त्यांनी ‘मार्टर्स मिरर’, म्हणजे श्रद्धेपायी छळ सोसून, हात न उगारता मेलेल्या पूर्वजांच्या कथा, डचमधून जर्मनमध्ये करून घ्यायचं ठरवलं. एफ्राटाच्या मठातल्या पंधरा जणांनी तीन वर्षं खपून ते १७४८-४९ मध्ये छापून काढलं. दीड हजाराच्या वर पानं. वसाहतींच्या काळात अमेरिकेत एवढं मोठं पुस्तक दुसरं छापलं गेलं नाही. सगळ्या प्रती खपल्या नाहीत, न बांधलेले फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, मठात पडून राहिले. मग क्रांतियुद्ध आलं. कागद तेव्हा चिंध्यांपासून व्हायचा. छापखानेवाले जुने कपडे विकत घेऊ म्हणून वर्तमानपत्रांत जाहिराती देत, तरी पुरायचा नाही. आणि बंदुकीचं काडतूस म्हणजे दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली. सैन्याच्या गाड्या एफ्राटाला आल्या आणि फर्मे घेऊन गेल्या. न लढता मेलेल्यांच्या कथा बंदुकीत ठासल्या गेल्या. जर्मनटाउनला सावर कुटुंबाने छापलेल्या जर्मन बायबलाच्या फर्म्यांचंही हेच झालं असं सांगतात. तेही युद्धाला नाही म्हणणारे.

सावरचं बायबल १७४३ चं. अमेरिकेत युरोपीय भाषेत छापलेलं ते पहिलं. इंग्रजी बायबल तिथे छापायला परवानगीच नव्हती, तो हक्क इंग्लंडातल्या राजमान्य छापखानेवाल्यांचा. स्वतंत्र झाल्यावर, १७८२ मध्ये, फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट एटकेनने पहिलं इंग्रजी बायबल काढलं. म्हणजे इंग्रजांच्या त्या वसाहतींत शंभराहून अधिक वर्षं बायबल छापलेलं होतं, पण इंग्रजीत नव्हतं. पहिलं होतं मॅसॅच्युसेट भाषेत, १६६३ चं. वाम्पानोआग, निपमक अशा तिथल्या मूळ लोकांची ही भाषा.

भाषांतर जॉन एलियटच्या नावावर आहे. ‘बे साम बुक’च्या त्या रांगड्या पद्याला हातभार लावणाऱ्यांपैकीच हा एक पाद्री. एकट्या माणसाचं हे काम नव्हेच. कोकेनो, जॉन सॅसमन, जोब नेसुटन ही शिकवणाऱ्यांची आणि दुभाष्यांची नावं नोंदली गेली आहेत. लंडनच्या धर्मप्रसारक मंडळीने पैसे, कागद आणि मार्माड्यूक जॉन्सन नावाचा मुद्रक पाठवला. (जॉन्सनची बायको इंग्लंडात होती, तरी तो छापखाना चालवणारा सॅम्युएल ग्रीन याच्या मुलीच्या मागे लागला आणि कोर्टात दंड भरून आला. बायबलाचं काम तेवढ्यापुरतं रखडलं.) आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला होता एक निपमक तरुण. वोवाउस. १६५९ मध्ये तो ग्रीनकडे उमेदवारीला लागला आणि धंद्यावरून त्याला जेम्स प्रिंटर म्हणू लागले.

१६७५ ला मूळ लोक आणि वसाहतवाल्यांत युद्ध पेटलं. ख्रिस्ती झालेल्या मूळ लोकांनाही धरून बॉस्टनच्या बंदरातल्या डीअर आयलंडवर नेऊन टाकलं, तिथे थंडीने आणि उपासमारीने कित्येक गेले. जेम्सवर हल्ल्यात सामील असल्याचा आळ आला, तुरुंग झाला, सुटका झाली, आणि मग तो बंडवाल्यांच्या बाजूला दिसतो. मेरी रोलँडसन ही पाद्र्याची बायको त्यांच्या कैदेत होती, तिच्या खंडणीची पत्रं त्याने लिहिली. युद्ध संपल्यावर माफी घेऊन तो परत केंब्रिजच्या छापखान्यात. १६८२ मध्ये रोलँडसनबाईंच्या कैदेची कहाणी पुस्तकरूपाने आली, तिच्या केंब्रिजच्या आवृत्तीचे खिळे त्यानेच जुळवले असावेत असं अभ्यासक मानतात. युद्धात बायबलाच्या प्रती मोठ्या संख्येने नष्ट झाल्या होत्या. दुसरी आवृत्ती काढताना एलियटने लिहून ठेवलंय की फर्मे जुळवून ते समजून तपासणारा माझ्याकडे एकच माणूस आहे, तो ‘इंडियन’ (म्हणजे तिथला मूळ रहिवासी) प्रिंटर. १७०९ च्या स्तोत्रसंग्रहाच्या मुखपृष्ठावर छापलंय : बी. ग्रीन काह जे. प्रिंटर. ‘काह’ म्हणजे आणि. उमेदवारीला लागल्यावर पन्नास वर्षांनी त्याचं नाव मुखपृष्ठावर आलं, तेही दुसरं.

उरलेल्या प्रतींच्या समासात वाम्पानोआग वाचकांनी आपल्या भाषेत लिहिलंय. हे पुस्तक माझं, इतक्याला घेतलं. एकाने लिहिलंय, मी या जगात कायमचा दीन माणूस आहे, मला हे पुस्तक नीट वाचताही येत नाही. वाचता येत नाही हे त्याने लिहून सांगितलंय, आणि बायबलाच्याच पानावर.

एकोणिसाव्या शतकात ती भाषा बोलणारे संपले. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅशपीच्या वाम्पानोआग जेसी लिटल डो बेअर्ड सांगतात की ओळखीच्या चेहऱ्यांची माणसं स्वप्नात येऊन अनोळखी शब्द बोलायची. त्या शब्दांचा माग काढत त्या एमआयटीला भाषाशास्त्र शिकायला गेल्या. १९९३ मध्ये सुरू झालेला वोपानाक, म्हणजे याच भाषेचा, प्रकल्प उभा आहे तो जुन्या जमिनीच्या दस्तांवर, पत्रांवर, समासातल्या त्या ओळींवर, आणि सगळ्यात जास्त एलियटच्या बायबलावर. मजकूर ओळीओळीने माहीत असलेला, तोही हजारपानी. व्याकरण काढायला याहून चांगला साठा मिळायचा नाही. जे शब्द बायबलात येत नाहीत ते शेजारच्या, एकाच अल्गाँक्वियन कुळातल्या भाषांशी ताडून बसवावे लागतात. आज तिथे मुलं ही भाषा शाळेत शिकतात, आणि शिकवणाऱ्या बाया एलियटचं बायबल क्रियापदं शोधायला उघडतात.